एक काना जास्त: आमच्या नगरपरिषदेच्या नागरी सुविधा केंद्राचा अनुभव

मी १९८८ ते २०२३ रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात होते. पुठ्ठ्याची तिकिटं यंत्रात घालून तारखेचा ठसा मारण्यापासून सुरुवात केली आणि संगणकावर निवृत्त झाले. त्यामुळे कुठल्याही ऑफिसात गेले की माझी नजर आधी खिडकीच्या आत जाते. बसणाऱ्याची खुर्ची कशी आहे, पंखा त्याच्या डोक्यावर आहे की मागे, सुट्टे पैसे कुठे ठेवलेत, समोरच्याशी बोलताना मान वर होते की नाही, हे सगळं न बघता राहवत नाही. सवयच ती.

गावाचं नाव लिहीत नाही. कल्याणच्या पुढची, लोकल थांबते अशी एक नगरपरिषद, एवढं पुरे. तळमजल्यावर नागरी सुविधा केंद्र, पहिल्या मजल्यावर मुख्याधिकारी आणि बांधकाम, दुसऱ्यावर कर विभाग. माझं काम साधं होतं. जून २०२५ मध्ये आमचे हे गेले. फ्लॅटचा मालमत्ता कर त्यांच्या नावावर येतो, तो माझ्या नावावर करून घ्यायचा. घराघरात कधी ना कधी येणारं काम. या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, बिलावरच बारीक अक्षरांत तसं छापलेलं असतं. पण बिल माझ्या नावाने आलेलं बरं, म्हणून गेले. दिवस होऊन घर जरा शांत व्हायला, मुलगी पुण्याला परत जायला आणि मला कपाटातल्या फायलींना हात लावायला दिवाळी उजाडली.

३ नोव्हेंबर, सोमवार. दहाला पाच कमी असताना पोचले. दारातच टोकनचं यंत्र. बटण दाबलं की चिठ्ठी येते, माझी सतरा नंबरची आली. यंत्राशेजारी एक शिपाईमामा बसतात आणि ज्यांना बटण कळत नाही त्यांना ते दाबून देतात, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच. बसायला स्टीलचे बाक, प्यायच्या पाण्याला चालू नळ, चार पंख्यांपैकी तीन फिरत होते. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. किल्ली मामांकडे मागावी लागते आणि मागताना हॉलमधले सगळे आपल्याकडे बघतात. ज्याने ही व्यवस्था केली तो बाई नक्कीच नसणार.

भिंतीवर मोठा फलक आहे, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. फलकासमोर उभं राहून तो पूर्ण वाचणारी त्या दिवशी मी एकटीच असेन. जन्माचा दाखला तीन दिवस, मृत्यूचा तीन दिवस, विवाह नोंदणी तीन दिवस, थकबाकी नसल्याचा दाखला तीन दिवस, वारसाहक्काने मालमत्ता हस्तांतरणाची नोंद पंधरा दिवस, नळजोडणी पंधरा दिवस. समोर पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा वेळेत द्यायची जबाबदारी ज्याची तो, कोण आणि प्रथम अपील कोणाकडे करायचं तेही लिहिलेलं. मी पंधरा दिवसांचा आकडा लक्षात ठेवला. आमच्याकडे वेळापत्रक भिंतीवर लावलं की गाडी उशिरा आली तरी प्रवासी आम्हालाच जाब विचारायचे, आणि बरोबर विचारायचे.

माझा नंबर तीन नंबरच्या काउंटरवर लागला. आत पंचविशीची मुलगी, ठेकेदाराकडून घेतलेली, ओळखपत्रावर एजन्सीचं नाव. मी फाईल पुढे केली. तिने ती उघडली, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा चाळली आणि मगच तोंड उघडलं. हे मी मुद्दाम लिहितेय. बहुतेक ठिकाणी पहिला कागद कमी दिसला की फाईल परत ढकलतात, तो आणून दिला की दुसरा कमी निघतो, मग तिसरा. माणूस चार वेळा रिक्षाचे पैसे भरतो. हिने बिलाच्या झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने सगळं एकदम लिहून दिलं. मृत्यूच्या दाखल्याची प्रत आहे, सोसायटीचं ना-हरकत पत्र आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, इंडेक्स टू म्हणजे फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा आहे, त्यापुढे टिकची खूण. नाही त्यापुढे गोल: मुलीचं संमतीपत्र, वारसांचं प्रतिज्ञापत्र, थकबाकी नसल्याचा दाखला.

मी विचारलं, "प्रती अ‍ॅटेस्ट करून आणू का?"

"नको काकू, तुमचीच सही करा खाली. स्वयंसाक्षांकित चालतं."

हे २०१५ पासून चालतं, शासनानेच तसं ठरवलंय. पण गेटबाहेर छत्रीखाली बसलेला माणूस अजूनही लोकांना शिक्के मारून घ्यायला लावतो आणि लोक मारून घेतात. त्याच्याच बाजूला एक एजंट उभा असतो. त्याने माझ्या कामाचे दीड हजार सांगितले, वर म्हणाला, "काकू, तुम्हाला जिने चढायला लागू नयेत म्हणून." मी दादरचे पूल पस्तीस वर्षं चढले आहे, त्याला काय माहीत.

मग थकबाकी. पहिल्या सहामाहीचा हप्ता राहिला होता. बिल मे महिन्यात आलं तेव्हा हे दवाखान्यात होते, ते तसंच टीव्हीखालच्या खणात पडून राहिलं. वर्षाचा कर ३,८४० रुपये, अर्धा हप्ता १,९२०. त्यावर चार महिन्यांची शास्ती, महिन्याला दोन टक्के, म्हणजे १५३ रुपये ६० पैसे, पूर्णांकात १५४. वर्षाला चोवीस टक्के झाले की हो. माझ्या मुदत ठेवीला बँक सात देते. पण नियम तो नियम, भरले. दुसरा हप्ताही लगेच भरून टाकला. पाच नंबरच्या खिडकीवर फोनवरून पैसे देता येतात, डबी "प्राप्त झाले" असं मराठीत ओरडते आणि पावती तिथल्या तिथे मिळते. या खिडकीला माझे पूर्ण गुण. रोख घेणाऱ्या बाईंनी समोरच्या आजोबांच्या नोटा मोजताना प्रत्येक दहा नोटांनंतर एक नोट आडवी ठेवली. आमच्या काळातल्या कॅशियरची पद्धत. बघून बरं वाटलं.

रांगेत उभं राहून ते बिल मी पहिल्यांदाच नीट वाचलं. इतकी वर्षं हेच भरायचे. सामान्य कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, शिक्षण कर, घनकचऱ्याचं शुल्क. रोजगार हमी कराचाही रकाना आहे, त्यात शून्य, कारण तो राहत्या घराला लागत नाही, दुकानं-कारखान्यांना लागतो. आणि शिक्षण कर, रोजगार हमी कर नगरपरिषद राज्य सरकारसाठी गोळा करते. आम्ही दर वर्षी नगरपरिषदेच्या नावाने बोटं मोडायचो, त्यातली काही मंत्रालयाच्या वाट्याची होती. वृक्ष कराबद्दल मात्र बोलायलाच हवं. आमच्या गल्लीतला गुलमोहर दोन पावसाळ्यांपूर्वी पडला, त्या खड्ड्यात आता कोणीतरी स्कूटर लावतं.

दाखला मिळायला तीन दिवस. मध्ये गुरू नानक जयंतीची सुट्टी आली, म्हणून शुक्रवारी ७ तारखेला गेले. तयार होता. त्याच दिवशी सगळे कागद लावून अर्ज दिला. प्रतिज्ञापत्र, मुलीचं संमतीपत्र, सगळं. पोच मिळाली, तिच्यावर अर्ज क्रमांक आणि "निपटाऱ्याची तारीख २८ नोव्हेंबर" असं छापलेलं, सुट्ट्या सोडून पंधरा दिवस. काउंटरवरच्या मुलीने तारखेखाली पेनने रेघ मारली आणि म्हणाली, "ही जपून ठेवा." तेव्हा मला वाटलं सगळ्यांनाच सांगत असेल. नंतर कळलं का सांगितलं.

त्या दिवशीचा एक किस्सा सांगते आणि पुढे जाते. शेजारच्या काउंटरवर एक जोडपं विवाह नोंदणीला आलेलं. नमुना 'ड' भरलेला, लग्नपत्रिका जोडलेली, फोटो चिकटवलेले. तीन साक्षीदार लागतात आणि त्यांचे दोनच आलेले. तिसरा शहाडला लोकलमध्ये अडकलेला. नवरी माझ्याकडे वळली, "आजी, तुम्ही सही कराल का?" मी काही म्हणायच्या आत काउंटरवरच्या बाईंनी मान वर करून मला विचारलं, "लग्नाला होतात का तुम्ही?" नव्हते. "मग नाही." एवढंच. साक्षीदार पावणेदोनला धापा टाकत आला. जेवणाची सुट्टी सुरू झाली होती, तरी बाईंनी डबा बाजूला सरकवून सह्या घेतल्या. रेल्वेमुळे उशीर झाला म्हणून मलाच उगाच अपराधी वाटत होतं.

इथपर्यंत पाचपैकी साडेचार. अर्धा कुलपाचा कापला.

आता दुसरा मजला.

२८ तारखेला संध्याकाळपर्यंत फोनवर संदेश आला नाही. १ डिसेंबरला सोमवार होता, गेले. मीही शहाणीच! दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेचं मतदान. आवारात बसगाड्या, पोलीस, गळ्यात ओळखपत्रं आणि हातात पिशव्या घेतलेले शिक्षक. पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकाच्या हाताखाली कारभार चालला होता, त्यानंतरची ही पहिली निवडणूक. ऑफिसात कोण सापडणार? कर विभागात एक लिपिक होता, तोही उठायच्या बेतात. "आचारसंहिता आहे मॅडम."

मी म्हटलं, "नवरा गेला त्याची नोंद करायची आहे. यात कुठल्या पक्षाचा फायदा होतो?"

तो हसला. माणूस वाईट नाही. पण आचारसंहिता हा शब्द त्या महिन्यात "साहेब जेवायला गेलेत" या वाक्याच्या जागी वापरला जात होता. आचारसंहितेत नव्या घोषणा, नवी कामं थांबतात. रोजचे दाखले आणि नोंदी थांबायचं काही कारण नाही. खाली तळमजल्यावर त्याच दिवशी जन्माचे दाखले मिळत होते, मी उतरताना पाहिलं. तरी निवडणुकीची ड्युटी मला माहीत आहे. घरच्या माणसांनी केलेली आहे. तीन आठवडे सोडून दिले.

२३ डिसेंबर, मंगळवार. मतमोजणी होऊन गेलेली, बाहेर अजून गुलाल. दुसऱ्या मजल्यावर तोच लिपिक. फाईल शोधायला बारा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. ती खिडकीच्या कट्ट्यावर, दुसऱ्या तीन फायलींच्या खाली होती, आणि वरच्या पानावर पेन्सिलने शेरा: "नावात तफावत."

तफावत काय? ह्यांच्या नावात एक काना. मृत्यूच्या दाखल्यावर, आधारवर, शेअर सर्टिफिकेटवर, इंडेक्स टूवर नाव बरोबर. फक्त नगरपरिषदेच्या करआकारणीच्या नोंदीत तिसऱ्या अक्षराला एक काना जास्त. म्हणजे बिलावरचा माणूस वेगळा आणि वारलेला माणूस वेगळा. लिपिक म्हणाला, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या, आणि शक्यतो वर्तमानपत्रात जाहीर सूचना.

माझं डोकं तिथे तापलं. ओरडले नाही. पस्तीस वर्षं लोकांचं ओरडणं ऐकलेली बाई सहसा ओरडत नाही. मी विचारलं, "हा काना कोणी लावला?" त्याला माहीत नव्हतं. त्याला माहीत असायचं कारणही नाही, तेव्हा तो शाळेत असेल.

मला घरी जाऊन सापडलं. ह्यांची फायलींची पत्र्याची पेटी आहे, वर्षवार दोऱ्याने बांधलेली बिलं. १९९६ साली फ्लॅट घेतला, ९७ पासूनच्या पावत्या. जुन्या पावत्या हाताने लिहिलेल्या, पातळ गुलाबी कागद, खाली कार्बन ठेवून काढलेली प्रत, अक्षरं आता जांभळट होऊन पसरलेली. त्यातल्या एकेका पावतीवर नाव बरोबर, कुण्या लिपिकाच्या सुंदर वळणदार अक्षरात, वेलांट्या अशा की बघत राहावं. मग एका वर्षी पावती छापील झाली. संगणकाची. त्या पहिल्या छापील पावतीवर तो काना आला आणि पुढे दर वर्षी येत राहिला. रजिस्टरातली नावं कोणीतरी पटापट संगणकात घातली असणार, दिवसाला इतकी नावं म्हणून. ह्यांच्या लक्षात आलं होतं. एका बिलावर त्यांनी लाल पेनने त्या कान्याभोवती गोल केलाय आणि समासात लिहिलंय, "सांगितले." तारीखही घातली आहे. कुणाला सांगितलं, काय झालं, ते आता विचारायला माणूस नाही.

पेटीशी मी जरा वेळ बसून राहिले. ते इथे लिहीत नाही.

२४ तारखेला शेवटची हस्तलिखित पावती आणि पहिली छापील पावती, दोन्हींच्या प्रती घेऊन परत गेले. लिपिकाने मन लावून पाहिल्या. खरं सांगते, त्यालाही पटलं. पण म्हणाला, "वरिष्ठांना विचारावं लागेल." कधी? "बघतो." या "बघतो"ला तारीख नसते. म्हणून सरळ खाली उतरले आणि तीन नंबरवर प्रथम अपिलाचा अर्ज मागितला. मुदत संपल्यापासून तीस दिवसांच्या आत करायचं असतं, माझ्याकडे चारच दिवस उरले होते आणि मध्ये नाताळ आणि शनिवार-रविवार. त्या मुलीने अर्ज काढून दिला, पोचवरची रेघ मारलेली तारीख बघितली आणि काही न बोलता पंखा माझ्याकडे वळवला.

माझा राग काना लावला म्हणून नाही. हातून चूक कोणाच्याही होते. आमच्याकडे तिकीट चुकलं, हिशेबात तूट आली, की डेबिट यायचं. पगारातून कापून जायचे. १९९१ मध्ये माझ्याकडून एकदा परतीच्या ऐवजी एकेरीचे पैसे घेतले गेले, त्याचे अकरा रुपये मी भरले, अजून आठवतात. इथे चूक ऑफिसची आणि प्रतिज्ञापत्र, जाहीर सूचना, खेटे, सगळं माझ्या खात्यावर. लोकसेवा हक्काच्या कायद्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, तोही फलकावर लिहिलेला आहे, सर्वांत खालच्या ओळीत, बाकाच्या पाठीमागे येईल असा.

९ जानेवारीला सुनावणी लागली. सुनावणी म्हटल्यावर मी कोर्टासारखं काही धरून चालले होते, इस्त्रीची साडी नेसले होते. पहिल्या मजल्यावर एका टेबलापाशी दोन खुर्च्या. अपिलीय अधिकारी मॅडमनी दोन्ही पावत्या शेजारी ठेवल्या, चष्मा वर केला, लिपिकाला विचारलं, "ही आपलीच पावती ना? मग बाईंकडून कसलं प्रतिज्ञापत्र?" तो गप्प. मॅडमनी टिपणीवर चार ओळी लिहिल्या: मूळ अभिलेखानुसार नावात दुरुस्ती करून वारसनोंद घ्यावी. सही, तारीख. नऊ मिनिटं लागली असतील, त्यातली तीन चहा येण्यात. ७ नोव्हेंबरला दिलेला अर्ज नऊ मिनिटांचाच होता.

नोंदीचं प्रमाणपत्र १३ जानेवारीला हातात पडलं. भोगीचा दिवस होता, मला भाजी निवडायची घाई. लिपिकाने स्वतः खाली आणून दिलं. म्हणाला, "मॅडम, त्या जुन्या पावतीची एक प्रत मला ठेवू का? अशा आणखी पुष्कळ फायली आहेत आमच्याकडे." ठेवा म्हटलं.

दुसऱ्या मजल्याला दीड. तो अर्धा शेवटच्या वाक्याचा. अपिलाच्या टेबलाला पाच, आणि या टेबलाविषयी कोणाला माहीतच नाही हे ऑफिसचं दुर्दैव. फलक बाकामागून काढून टोकन यंत्राशेजारी लावला तर दुसऱ्या मजल्यावरची गर्दी आपोआप कमी होईल, असं मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आले आहे. वहीत माझ्या आधीचा अभिप्राय ऑगस्टमधला होता: "पंखा दुरुस्त करावा." चौथा पंखा जानेवारीतही बंदच होता.

कोणाला हेच काम असेल तर तीन नंबरला जा. दहाच्या आत पोचा, मंगळवार-बुधवार बघा, सोमवारी गर्दी असते. झेरॉक्स गेटबाहेर तीन रुपये, समोरच्या गल्लीत दोन. एजंटला नमस्कार करा आणि पुढे व्हा. जुन्या पावत्या रद्दीत दिल्या असतील तर माझा इलाज नाही. पेन्सिलची ती चिठ्ठी मी जपून ठेवली होती, सध्या ती तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे आहे. त्यांच्या सासऱ्यांच्या नावावरचं बिल आहे. परवा त्यांनी वरून हाक मारून विचारलं, "काकू, आमच्याकडे वेलांटी चुकलीय, त्याला पण अपीलच ना?"